गोड्या पाण्याचा हंडा

(पूर्णा नदीच्या काठचं गाव. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. दुपारचे बारा वाजत आलेले.)

आकांक्षा : थू! आई, हे कसलं पाणी आहे? तोंड पार खारट झालं.

मैनाबाई : अवं, त्या माठातलं काहून पेली तू? ते माहं हाय, बोरचं. तुह्यासाठी हंड्यात गोडं पानी ठेवलं ना नळाचं. तो पाय कोपऱ्यात, ताट झाकलेला.

आकांक्षा : तुझं म्हणजे? तू रोज हे पेते?

मैनाबाई : मंग काय झालं? जलम गेला यातच. नळ येते दहा दिवसातून एक डाव. तेवढ्यात तुह्या बाबाचं प्याचं, चहाचं, देवाचं, पावण्यायचं. अन् वरनाचं. खाऱ्या पान्यात दाळ शिजत नाही, तुले मालूम हाय.

आकांक्षा : दाळ शिजत नाही त्या पाण्यात, अन् ते तू पोटात घालते. वा! म्हणजे मीठच पेऊन राहिली तू इतके वर्षं.

मैनाबाई : आता आल्या आल्या भांडू नोको बाई. अन् सरक तिकडं, शिवू नोको मले. एसटीतून उतरली तं तशीच चुलीपाशी घुसली. आंग धू अगोदर. मी सोवळ्यात हाय, पुरन वाटून राहिली दिसत नाही काय?

आकांक्षा : दिसून राहिलं. इतका घाम काहून आला तुले?

मैनाबाई : चुलीपाशी घाम नाही येनार तं काय थंडी वाजन?

आकांक्षा : चूल कधीची इझली आहे, आई. राख झाली. तोंड पाय तुझं, पांढरंफटक पडलं. अन् गालाले हे काय लावलं?

मैनाबाई : हिंग. दाढ ठनकून राहिली सकायपासून. तोंडात तं काही घालता येत नाही ना आज, म्हून बायरून लावला.

आकांक्षा : कोणती दाढ?

मैनाबाई : ही डावीकडची. खालची. तथून कानापर्यंत जाते कळ, मंग खांद्यात, मंग हातात उतरते. येते अन् जाते. मले वाटलं पाट्यावर बसून बसून अवघडली असन.

आकांक्षा : डावीकडची खालची दाढ आपण दिवाळीत काढली. अकोल्याच्या जठारपेठेत, माझ्या घराखालच्या दवाखान्यात. तू तिले रुमालात बांधून गावी घेऊन आली, आठवते? तिथी दाढच नाही आई. नसलेली दाढ दुखते का कोणाची?

मैनाबाई : मंग तिच्या बाजूची असन.

आकांक्षा : बाबा! ओ बाबा! इकडं या अगोदर!

पुंजाराम : काय वं? काहून बोंबलून राहिली? मखरापाशी दिवा लावला हाय, घरात लक्षुम्या बसल्या हाय. सनासुदीच्या दिवशी असा आवाज नोको.

आकांक्षा : नितेशभाऊले फोन लावा. गाडी घेऊन ये म्हणा, आत्ताच्या आत्ता. आईले अकोल्याले न्याचं आहे.

पुंजाराम : आज? येडी झाली काय तू? रातच्याले चाळीस पान उठाचं हाय घरात. तिले अकोल्याले नेऊ तं सैपाक काय मी करू?

आकांक्षा : जबड्यात कळ, डाव्या हातात कळ, वरून हा घाम. मी दवाखान्यात रोज पंधरा-वीस लोकायचा ईसीजी काढते बाबा. कोणाची पट्टी कशी येणार हे मले लोक दारातून आत येतात तवाच समजते. मी उगाच नाही बोलून राहिली.

पुंजाराम : पित्त झालं असन. उपाशी हाय ना पाहाटपासून. रातच्याले नैवेद्य झाला का ओवा खाईन, मोकळी होईन.

आकांक्षा : ओवा! दोन वर्षामागं वावरात तुमी छातीले हात लावून खाली बसले, तवा कोणी ओवा देल्ला होता का तुमाले? अर्धं गाव गोळा झालं होतं. नितेशभाऊनं गाडीतले कापसाचे बोचके फेकले रस्त्यावर अन् तुमाले टाकलं. आई चपला न घालता बसली गाडीत. अकोल्यापर्यंत तुमचं डोकं तिच्या मांडीवर. ती म्हणली होती का तवा, का पित्त झालं असन?

पुंजाराम : माहं मोठं होतं वं. पडला होता मी. डाक्टरनं छातीत नळी टाकली. हे तं उभी हाय धडधाकट.

आकांक्षा : उभी आहे, कारण तिले कोणी बसूच देत नाही! आना ते बीपीचं मशीन.

पुंजाराम : कोनतं? माहं?

आकांक्षा : तुमचं नाही ते. घरचं आहे. मी माझ्या पहिल्या पगारातून घरासाठी घेतलं होतं. दोन वर्षं झाले, खुटीवर लटकून आहे. आईच्या हाताले ती पट्टी एक डाव तरी लागली का?

पुंजाराम : तिनं म्हणलं नाही कधी.

मैनाबाई : अवं, शिवली ना तू! मोडलं ना सोवळं! आता पुन्हा आंग धुवा लागते मले. थांब, पुरनाचं पातेलं झाकू दे.

आकांक्षा : मोडू दे. हात ढिला सोड. बांगड्या वर सरकव. बोलू नको.

पुंजाराम : किती आलं?

आकांक्षा : एकशे ब्याण्णव. खालचं एकशे बारा.

पुंजाराम : मशीन बिघडलं असन.

आकांक्षा : तुमचं मोजते तवा नाही बिघडत ते? आई, शाळेत शिबिर झालं तवाच तुले बीपी निघालं होतं. गोळी सुरू केली होती. मी स्वतः पट्ट्या आणून देते. कुठी आहेत त्या?

मैनाबाई : हाय ना. मिठाच्या बरनीमागं.

आकांक्षा : ह्या? ह्या तं भरल्याच आहेत! ही पट्टी मी उन्हाळ्यात देल्ली होती. ही तं फोडलीही नाही.

मैनाबाई : घेते ना मी. उपास नसला का घेते.

आकांक्षा : अन् उपास किती तुझे?

मैनाबाई : सोमवार. बेस्तरवार. चतुर्थी, एकादशी. श्रावनात तं महिनाभर एकच टाइम. उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यावं? तोंडातून पोटात काही गेलं का मोडला उपास. हे काय कोनी सांगा लागते?

आकांक्षा : अन् बाबाची गोळी? त्यायची एक दिवस चुकली का? सकाळी आठ वाजले का तू त्यायच्या हातावर ठेवते. त्यायचं वरण अलग, त्यायची भाजी अलग, बिनमिठाची.

मैनाबाई : डाक्टरनं सांगतलं तसं करते. अन् त्यायचं उरलं का मी त्यातच मीठ टाकून खाते. बिनमिठाचं नरड्याखाली उतरत नाही बाई. त्यायले कसं उतरते देवाले मालूम.

पुंजाराम : मी समजलो हेही हंड्यातलंच पेते. मले काय मालूम?

आकांक्षा : एका घरात राहता तुमी दोघं! तुमचा हंडा अन् तिचा माठ, मधात चार हाताचं अंतर नाही. लग्नाले चौतीस वर्षं झाले. त्या माठातला एक घोट घेऊन पायला का तुमी कधी?

पुंजाराम : बायायच्या माठात मी काहून हात घालू? घरातलं हेच पायते. मले ताटात येते ते मी खातो.

आकांक्षा : हो ना. तुमाले येते ते तुमी खाता. तिच्या ताटात काय येते हे पाहाले तुमाले वेळ नाही. अन् तो तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंका तोंडातला.

पुंजाराम : कोनता खर्रा? डाक्टरनं बंद केला तवापासून हात नाही लावला मी.

मैनाबाई : गोठ्यात ठेवते तो. गव्हानीमागं फट हाय, तथी. मी एक डाव पायलं तं मले म्हने आकूले सांगू नोको.

पुंजाराम : तू पन आजच सांग! बस झालं. लय झालं. अकोल्याले राहून तोंड सुटलं हाय या पोरीचं. बापासंग असं बोलते काय कोनी? घरात दोन-दोन देवी बसल्या हाय अन् हे मले आरोपी केल्यावानी उभं करून राहिली. मी काय हिले पेऊ नोको म्हणलं होतं काय गोडं पानी? दुखते म्हणून मले एक शब्द सांगतला होता काय हिनं?

मैनाबाई : सांगतला होता.

पुंजाराम : कधी?

मैनाबाई : आखाडीच्या आदल्या दिवशी. वावरातून येता येता मी तीनदा बसली बांधावर. दम पुरत नव्हता. इथून इथपर्यंत आवळल्यावानी झालं होतं. तुमी पुढं चालून राहिले होते. तिसऱ्यांदा बसली तवा तुमी मागं पाहून म्हणले, वय झालं तुहं. अन् गेले पुढं. गोठ्यातल्या खर्र्याचा टाइम होत होता.

पुंजाराम : ते... ते आपलं बोलतो मानूस.

मैनाबाई : हो. मंग मीही नाही बोलली पुन्हा. काहून बोलू? तुमचा जीव गुदमरला तं झटका, अन् माहा गुदमरला तं वय. आठ दिवसामागं नळाचा हंडा उचलला तं डोयापुढं अंधारी आली. मी भितीले धरून उभी राहिली, हंडा नाही सांडू देल्ला. तुमचं पानी होतं ना त्यात. राग नाही येत काय मले? येते. लय येते. पन सैपाकाचा टाइम होते.

आकांक्षा : आई, बस. पाट्यावर नाही, भितीले टेकून बस. मी फोन लावते. हॅलो, नितेशभाऊ? आकांक्षा बोलून राहिली. कुठी आहे? हिवरखेडवरून निघाले? किती वेळ लागन? पंधरा मिनिट? दहा करा. सीट मोकळी ठेवा, आईले झोपवाचं आहे. हो, आईले. नाही, बाबा चांगले आहेत. बाबा नाही म्हणलं ना, आई!

पुंजाराम : माही ते जिभीखालची गोळी देऊ काय तिले? खिशात हाय.

आकांक्षा : डॉक्टरले विचारल्याशिवाय नाही. थांबा. हॅलो, सर, आकांक्षा बोलते, ईसीजीवाली. सर, माझी आई. सत्तावन्न. जबडा अन् डावा हात, सकाळपासून. घाम आहे. एकशे ब्याण्णव-एकशे बारा. नाही सर, अगोदर कधी नाही, म्हणजे आम्हाले माहीत नव्हतं. हो. ॲस्पिरिन आहे घरात, वडलायची. चावून. हो, समजलं. तासभर लागन सर. निघालोच.

पुंजाराम : काय म्हणला?

आकांक्षा : तुमची ती ॲस्पिरिनची पट्टी आना. चावून खाऊ घाला म्हणाले, वेळ घालवू नका. आई, हे घे.

मैनाबाई : नाही.

आकांक्षा : काय नाही?

मैनाबाई : नैवेद्य होईस्तोवर तोंडात काही घेत नाही मी. पान्याचा थेंब पन नाही. रातच्याले घेते म्हन त्या डाक्टरले.

आकांक्षा : आई, रातच्याले कदाचित... तू समजून नाही राहिली. अकोला तासभराच्या रस्त्यावर आहे. ही गोळी आत्ता पोटात गेली पायजे. बाकीच्या बाया दुपारी चहा पेतात उपासाले. शेजारची चंदाकाकू पेते. मी पायलं आहे.

मैनाबाई : चंदानं बोल नाही बोलला. मी बोलली हाय.

आकांक्षा : काय बोलली?

मैनाबाई : जाऊ दे.

आकांक्षा : आई!

मैनाबाई : ह्यायले गाडीत टाकलं होतं तवा. डोळे फिरले होते ह्यायचे. डोकं असं लटलट करे माह्या मांडीवर. तवा बोलली मी जेठी-कनिठीले, आपल्या दोन्ही लक्षुम्यायले. मानूस घरी परत येऊ दे, जीव हाय तवरीक दर साली नैवेद्य दाखवेस्तोवर पान्याले शिवनार नाही. आला ना मानूस घरी? देल्ला ना त्यायनं? मंग आता मी कशी मोडू? त्यायनं वापस मागतलं तं?

आकांक्षा : बाबा, ऐकून राहिले? ऐका चांगलं. तुमच्या छातीसाठी तिनं पाणी सोडलं. मीठ तुमचं बंद झालं अन् खारं ती पेते. अन् तुमी तिले बांधावर सोडून गोठ्यात गेले. मले रडू येऊन राहिलं नाही, बाबा. मले चीड येऊन राहिली. तुमची येऊन राहिली, हिची येऊन राहिली. अन् माझीही. मी महिन्याले येते, तुमचं बीपी पायते, तुमची पट्टी मोजते अन् हिच्या हातचा चहा पेऊन एसटी पकडते. मी तरी कधी पायलं हिचं तोंड?

मैनाबाई : नोको बाई, असं नोको बोलू. थोडी कमी झाली आता कळ.

आकांक्षा : खोटं बोलते. हात पाय कसा दाबून धरला.

पुंजाराम : नैवेद्याले काय काय लागते?

मैनाबाई : काय म्हनता?

पुंजाराम : विचारून राहिलो तेवढं सांग.

मैनाबाई : सोळा भाज्या. पुरन, आंबील, कथली, वडे, भजे. सांजच्याले दिवेलागनीले.

पुंजाराम : त्यातलं झालं काय काय?

मैनाबाई : पुरन होत आलं. आंबील झाली. भाज्या चिराच्या हाय. पन तुमाले काय कराचं हाय त्याचं?

पुंजाराम : आकू, त्या वाटीत पुरन काढ. दुसऱ्या वाटीत आंबील.

मैनाबाई : अवो! तुमी सोवळ्यात नाही. तोंडात आत्ता खर्रा होता तुमच्या!

पुंजाराम : थुंकला. चूळ भरली. आन वं आकू, पायत काय उभी राहिली?

मैनाबाई : भर दुपारी असते काय नैवेद्य? आरती नाही, धूप नाही, फुलोरा बांधला नाही. सवाष्न नाही जेवाले. माय वो, काय करून राहिले हे! कोप होईन घरावर!

पुंजाराम : उपास माह्या नावाचा हाय ना? माह्या जीवासाठी धरला ना? मंग माह्या हातानं सुटन. चूप बस तू. जेठी, कनिठी, दोघी मायबाई, ऐका. मले मंतर येत नाही. हे पुरन हाय. हे आंबील हाय. एवढंच झालं हाय. जेवा. बाकीचं रातच्याले चंदा वहिनी वाढन. कमी पडलं, चुकलं, बाटलं, जे काही झालं असन ते माह्यावर धरा. हिच्यावर नोको. हिनं तिचं पुरं केलं हाय. राग आला असन तं मले न्या. हिले नेसान तं पुढच्या सालापासून ह्या घरात तुमाले बसवाले कोनी नाही राहानार. सांगून ठेवतो.

मैनाबाई : देवीसंग भांडतात काय कोनी असं!

पुंजाराम : झाला नैवेद्य. घे गोळी.

मैनाबाई : असा असते काय, बापा, कुठी नैवेद्य?

पुंजाराम : मैना! घे म्हणलं ना!

आकांक्षा : आई, चाव. चाव, गिळू नको एकदम. बस. अजून चाव.

मैनाबाई : कडू हाय. आंबट हाय. पानी दे त्या माठातलं.

पुंजाराम : माठातलं नोको. थांब.

मैनाबाई : हंड्यातलं काहून काढता? चाळीस पान हाय रातच्याले. ते पुरवून पुरवून ठेवलं हाय मी आठ दिवसापासून.

पुंजाराम : पे.

आकांक्षा : दोनच घोट, आई. बस. गाडी वाजली. नितेशभाऊ आले. बाबा, आईले दुसऱ्या बाजूनं धरा. चालवू नका, उचला. आई, जोर नको लावू.

मैनाबाई : मखरातला दिवा इझू देऊ नका. चंदाले आवाज द्या. तेल डब्यात हाय म्हना. भाज्या चिराच्या हाय अजून.

पुंजाराम : चंदा वहिनी आली, दारात उभी हाय. तिनं ऐकलं. बस तू. पाय वर घे. डोकं इथी ठेव, माह्या मांडीवर.

आकांक्षा : बाबा, हंडा काहून आणला गाडीत? दवाखान्यात पाणी भेटते.

पुंजाराम : राहू दे पायापाशी. लोटा हाय त्यात. चालव रे नितेश.

मैनाबाई : अवो, अख्खा हंडा घेतला? चाळीस मानूस येईन रातच्याले. पावने काय पेतीन?

पुंजाराम : तू पेते तेच.